टोकाच्या घराचं दार

भाऊजींना मी कामावर ठेवलं ते दया म्हणून नव्हे, ताईच्या धाकाने. माझी ताई कधी आवाज चढवत नाही. ती चहाचा कप खाली ठेवते आणि नुसती बघते. त्या दिवशी ती माझ्या ऑफिसात आली, काचेवर चिकटवलेल्या फ्लॅटच्या जाहिराती वाचल्यासारखं करत थोडा वेळ उभी राहिली आणि मग समोरच्या खुर्चीत बसली.

"यांना काम दे," ती म्हणाली.

"ताई, माझं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक पंखा. मी घरं दाखवते, विकते, भाड्याने देते. इथे कवायत नाही."

"शिकतील."

"घरात बसून कंटाळलेत का?"

"कंटाळले असते तर बरं झालं असतं," ताई म्हणाली आणि तिने कप खाली ठेवला.

मग तिने सांगितलं. भाऊजी सैन्यात होते एवढं मला माहीत होतं, पण शेवटची काही वर्षं ते काय करत होते ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सीमेवर कोणी मारलं गेलं, की त्याच्या घरी जाऊन सांगायचं, हे त्यांचं काम होतं. फोनवर कळवायचं नाही असा नियम. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. कपड्यांना कडक इस्त्री, चकचकीत बूट, काखेत फाईल. बसा म्हटलं तरी, निरोप सांगून होईपर्यंत बसायचं नाही. आणि हे काम करणाऱ्यांनी आपापसात ठरवलेली एक रीत होती, जी वरून कोणी शिकवलेली नव्हती. दारात खरं बोलायचं नाही. दारात म्हणायचं, जखमी आहे. मग आत जाऊन समोरच्या माणसाला बसवायचं आणि काय ते सांगायचं.

"यांना बघून लोकांनी दारं लावली गं," ताई म्हणाली. "बाजारात गेले तरी ज्यांची मुलं सैन्यात आहेत ते रस्ता बदलायचे. मला पगार नको, काही नको. यांना बघून कोणीतरी आनंदाने दार उघडावं, एवढंच हवंय. घर विकत घ्यायला आलेल्याला लोक हसून दार उघडतात ना?"

दलालाला लोक कसं दार उघडतात ते मला चांगलं ठाऊक होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून मी 'पाठव' म्हटलं.

भाऊजी रुजू झाले आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या नाकी नऊ आले. मी ऑफिस उघडायला जायचे तेव्हा ते आधीच फुटपाथवर उभे असायचे, भिंतीला न टेकता. किल्ल्यांचा माझा ढीग त्यांनी खिळ्यांवर रांगेत लावला, आणि त्यानंतर मला एकही किल्ली सापडेना. मला ते 'मालकीणबाई' म्हणू लागले. मी चिडते हे कळल्यावर तर मुद्दाम म्हणू लागले. गिऱ्हाइकांशी बोलताना मात्र त्यांना थट्टा सुचत नसे. एक नवीन लग्न झालेलं जोडपं फ्लॅट बघायला आलं होतं. मुलगी बाल्कनीतून दिसणारी झाडं बघून हरखली होती. तिने विचारलं, "कसा वाटतो तुम्हाला?" भाऊजींनी बाल्कनी बघितली, जिना बघितला आणि म्हणाले, "बाहेर पडायला एकच वाट आहे. काही झालं तर अडकाल." जोडपं जे गेलं ते परत आलं नाही.

"भाऊजी, घर विकायचंय, लढवायचं नाहीये," मी म्हटलं.

"तिने विचारलं म्हणून सांगितलं."

"तिने कौतुक करा म्हणून विचारलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतात तशा गंभीर चेहऱ्याने ते ऐकून घेतलं. मला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना.

असेच महिने गेले असते, पण मध्येच रांगेचं काम आलं.

जुन्या लष्करी बराकींच्या कडेला दगडी बैठ्या घरांची एक ओळ आहे. भिंतीला भिंत, प्रत्येक घरासमोर हातभर अंगण, लोखंडी फाटक आणि दोन पायऱ्या. सैनिकांच्या कुटुंबांसाठी कधीकाळी बांधलेली ही घरं पुढे त्यांच्याच नावावर झाली. सगळे तिला नुसतं 'रांग' म्हणतात. बराकी रिकाम्या झाल्या, शहर चहूबाजूंनी येऊन टेकलं आणि त्या जागेला अचानक भाव आला. एका बिल्डरच्या डोक्यात आलं की रांगेचे दगडी दर्शनी भाग तसेच ठेवायचे, मागे उंच इमारत उठवायची आणि सगळं 'लष्करी वारसा' म्हणून विकायचं. त्याने छापून आणलेल्या रंगीत पुस्तिकेत लिहिलं होतं, 'जिथे वीर राहिले, तिथे आता तुम्ही.' वीर राहिले तेव्हा नळाला दिवसाआड पाणी यायचं, हे त्यात नव्हतं. प्रवेशद्वाराशी तो एक तोफ ठेवणार होता. फायबरची.

मी हसले खरी, पण काम सोडण्याइतकी मी श्रीमंत नाही. अडचण एकच होती. रांगेतली माणसं दलालाला फाटकातही उभं करत नव्हती. आधीचे दोघे पाणउतारा करून घेऊन परत आले होते. आणि बिल्डरला सगळी रांग हवी होती, एकही घर सुटलं तर व्यवहार नाही.

"भाऊजी, तुम्ही जाता का?" मी विचारलं. "रांग जमली तर दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुमचं नाव. पगारी नाही, भागीदार."

ते म्हणाले, "बघतो." आणि दुसऱ्या दिवशी गेले.

त्यांनी रांगेत काय बोलणी केली ते मला नंतर तिथल्याच लोकांकडून कळलं. पुस्तिका त्यांनी बाहेर काढलीच नाही. प्रत्येक घरात बसून आधी विचारलं की तुम्हाला इथे कशाचा त्रास होतो. कोणाला गुडघ्यांमुळे अंगणातल्या पायऱ्या नको होत्या, कोणाला मुलीच्या जवळ राहायचं होतं. मग ते बिल्डरकडे गेले आणि ज्याला जे हवं तिथे पर्यायी घर, तेही आधी हातात किल्ली आणि मग सही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं. बिल्डर मला फोन करून म्हणाला, "बाई, हा माणूस तुमचा आहे की त्यांचा?" मी म्हटलं, मलाही नीटसं माहीत नाही.

एकेक घर होकार देत गेलं. त्या दिवसांत ताईच्या घरी गेले की भाऊजी जेवताना बोलायचे. हे ज्याने त्यांना पूर्वी पाहिलंय त्यालाच समजेल. रांगेतले निवृत्त बँडवाले काका त्यांना बघून खिडकीतूनच तोंडाने तुतारी वाजवतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. "दार वाजवायच्या आधीच उघडतात," ते म्हणाले. ताई ताटाकडे बघत होती, पण तिचा चेहरा मला दिसला. मला फार बरं वाटलं.

राहिलं होतं टोकाचं घर. तिथे एक आजी एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा सैन्यात होता, तो तिकडेच गेला. सून नंतर आजाराने गेली. नातवाला आजींनी वाढवलं आणि तोही मोठा होऊन सैन्यात भरती झाला. सध्या तो कुठल्याशा उंच चौकीवर होता. आजी डोळ्याचं ऑपरेशन करून भाचीकडे राहिल्या होत्या, त्यामुळे भाऊजींची त्यांच्याशी भेट झाली नव्हती. त्या परत आल्याचं कळलं तसे भाऊजी मला म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. तूही चल, मालकीणबाई. कोणाच्या घरी एकट्याने जाऊ नये."

इतर घरी ते एकटेच गेले होते. पण हे शेवटचं घर होतं, सह्यांचे कागद सोबत होते, म्हणून त्यांना जरा रीतसर जायचं असेल असं मला वाटलं. मीही माझा गडद निळा कोट घातला. भाऊजींचा शर्ट कडक, पँटची घडी धारदार, बुटांत तोंड दिसेल इतकी चमक. कागदांची फाईल डाव्या काखेत. त्यांच्याबरोबर चालायचं तर त्यांच्याच पावलात पाऊल टाकावं लागतं, नाहीतर माणूस मागे पडतो. मी हल्ली तशीच चालते.

आजी खिडकीत होत्या. उन्हाला ठेवलेली उशी झटकत होत्या. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. आम्ही फाटकाशी थांबलो, भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आजींनी मान वर केली. त्यांच्या हातातली उशी अंगणात पडली. खिडकी लागली. मग दाराची वरची कडी लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खालची.

"झालं," मी पुटपुटले. "यांनाही दलालांचा राग."

मी बघितलं तर भाऊजींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. त्यांनी काखेतल्या फाईलकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे, मग माझ्या कोटाकडे.

"आपण कसे आलो," ते हळू म्हणाले. "मी कसा आलो. त्यांना वाटलं निरोप आलाय."

मला समजायला क्षणभर लागला. त्या बाईंना चेहरे दिसतच नव्हते. त्यांना एवढंच दिसलं की दोन माणसं ताठ, एका पावलाने चालत आली, फाटकाशी थांबली आणि त्यातल्या एकाने टोपी काढली.

भाऊजी दारापाशी गेले. "आई, दार उघडा. निरोप नाही. मी घराच्या व्यवहाराचं बोलायला आलोय."

आतून, अगदी दाराला लागून आवाज आला. "मी घरात नाही. परत जा."

"आई, तुमचा नातू ठीक आहे."

"माझ्या मुलाच्या वेळी जखमी आहे म्हणाले होते," आजी म्हणाल्या. "इथेच उभं राहून. मी पिशवीत त्याचे कपडे भरायला लागले होते, दवाखान्यात न्यायला म्हणून."

भाऊजी दारापासून एक पाऊल मागे झाले.

शेजारून बँडवाले काका आले. त्यांनी दारावर थाप मारली. "अहो, हे आपले साहेब! घराच्या कामाला आलेत. माझं घर यांनीच जमवलं."

"तुम्हाला तसं सांगायला लावलंय," आतून उत्तर आलं. "त्या दिवशीही तुम्ही असेच आला होतात."

आणखी दोन घरांतली माणसं आली. कोणी पाणी आणलं, कोणी म्हणालं भाचीला बोलवा. जो तो समजूत घालायला लागला आणि आत मात्र रडणं सुरू झालं. शेजारी दारात जमतात ते कशासाठी, हे त्या घराला माहीत होतं. भाऊजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं, काकांनासुद्धा. मला म्हणाले, "तू फाटकाबाहेर थांब. कोट काढ."

मी कोट काढला. त्यांनी फाईल माझ्याकडे दिली. मग पायरीशी उभं राहून बूट काढले, मोजे काढले, शर्ट पँटीबाहेर ओढला, आणि दाराला पाठ लावून पायरीवर बसले.

"आई," ते म्हणाले, "मी खाली बसलोय. निरोप घेऊन आलेला बसत नाही. तुम्हाला माहितीये."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तेच काम करायचो."

आत रडणं थांबलं. मला वाटलं, संपलं, आता ही बाई जन्मात दार उघडत नाही. हे सांगायची काय गरज होती, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलेसुद्धा. पण आजींचा आवाज पुन्हा आला, आणि तो आधीपेक्षा खालून येत होता. त्याही आत जमिनीवर बसल्या असाव्यात.

"तुम्हीपण जखमी म्हणायचात?"

"म्हणायचो."

"का? खोटं का बोलायचं आईशी?"

"लोक दारातच कोसळायचे. पायरीवर डोकं आपटायचं. म्हणून आत नेऊन सांगायचं असं आम्ही ठरवलं. आणि मलाही तेवढा वेळ हवा असायचा. खरं सांगायचं तर मलाच जास्त."

त्या म्हणाल्या, "मी दार उघडेपर्यंत तो जिवंत आहे ना?"

"आई, दार उघडलं तरी तो जिवंत आहे."

"तुमच्या म्हणण्यावर मी कसा विश्वास ठेवू?"

"ठेवू नका," भाऊजी म्हणाले. "त्याच्याशीच बोला."

मग त्यांनी खिशातून फोन काढला. निवृत्त झाल्यापासून जुन्या युनिटातल्या कोणालाही त्यांनी फोन केलेला नव्हता. ताईने कितीदा म्हटलं तरी नाही. आता ते एकामागून एक नंबर लावत होते. पायरीवर अनवाणी बसून, शर्ट बाहेर काढलेला हा माणूस फोनवर मात्र असा बोलत होता की मी फाटकाबाहेर उभी असून माझी पाठ ताठ झाली. चौकीवर खाजगी फोन जोडून देत नाहीत. भाऊजी तसं ऐकून घेत होते आणि पुन्हा दुसरीकडे लावत होते. शेवटी टेलिफोन एक्सचेंजवरचा कोणी जुना सोबती सापडला. त्याला ते म्हणाले, "आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे एक मागणं समज."

मग वाट बघणं. ऊन अंगणातून सरकत पायरीवर आलं. मी अंगणातली उशी उचलून झटकली आणि काय करावं ते न कळून हातात धरून उभी राहिले. समजा तिकडे खरंच काही झालं असेल तर? तो विचार माझ्या डोक्यात आला तसा भाऊजींच्याही आला असणार, कारण त्यांनी फोन गुडघ्यावर ठेवला होता आणि त्यावरून नजर काढत नव्हते. व्यवहार, पाटी, बिल्डर, काही काही मला आठवत नव्हतं. दार उघडावं आणि त्या बाईंनी रडायचं थांबावं, एवढंच मला हवं होतं.

फोन वाजला. भाऊजींनी आवाज मोठा केला आणि फोन दाराच्या फटीशी धरला.

"आजी? आजी, काय झालं? तू बरी आहेस ना?" आवाज घाबरलेला, धापा टाकणारा. "मला धावत बोलावून आणलं. मला वाटलं तू गेलीस."

आतून दाराला हात टेकल्याचा आवाज आला.

"आजी, बोल ना गं."

"माझ्या चष्म्याची काडी कोणी मोडली?" आजींनी विचारलं.

"मांजरीने."

"कोणी मोडली?"

"मी मोडली. मांजरीचं नाव घेतलं. आजी, हे विचारायला मला चौकीवरून धावत आणलंस?"

खालची कडी निघाली. मग वरची. आजींनी दार उघडलं, भाऊजींच्या हातातून फोन घेतला आणि नातवाला झाडायला सुरुवात केली. आवाज बसलाय तुझा, पायमोजे ओले घालतोस ना, मागच्या वेळी फोन का नाही केलास. तो हो हो म्हणत होता. बोलता बोलता लाईन तुटली. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मी तिथेच फाटकाला धरून रडले. भाऊजी रडले नाहीत. ते पायरीवरून उठायला बघत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

आजींनी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "बस," त्या म्हणाल्या, आणि स्वतःही शेजारी बसल्या. "काय व्यवहार होता तुझा?"

"राहू द्या आई. आज नको."

"त्यासाठी आलास ना? मग सांग."

त्यांनी सांगितलं. बिल्डर कोण, काय बांधणार, काय देणार. दर्शनी भाग तसाच ठेवणार, हेही सांगितलं. कौतुक केलं नाही, काही टाळलंही नाही. मी फाईल पाठीमागे लपवून उभी होते. नकार येणार हे नक्की होतं आणि मला तो यायला हवाही होता.

"मी हे घर कोणाला देणार नव्हते," आजी म्हणाल्या. "नातू परत येईल तर याच घरात यावा, म्हणून. पण या खिडकीतून फाटक दिसतं. मुलाच्या वेळी मी इथूनच बघितलं, आज इथूनच बघितलं. इतकी वर्षं मी इथे बसून फाटकच बघतेय. मला असं घर दे, जिथून येणारा दिसत नाही."

"वरच्या मजल्यावर," भाऊजी म्हणाले. "मागच्या बाजूला, झाडांकडे तोंड असलेलं. मी शोधतो."

"आणि नातवाच्या सैन्यातल्या कागदांवर, कळवायचा पत्ता म्हणून, माझा नको. तुझा दे. मी त्याला सांगते तसं लिहायला."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. भाऊजींनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"काही आलंच," आजी म्हणाल्या, "तर तुझ्याकडे येऊ दे. मग तू ये मला सांगायला. तू आज खोटं बोलला नाहीस."

मला मध्ये पडावंसं वाटलं. या एका कामातून ह्या माणसाला सोडवायला ताईने माझ्यापुढे पदर पसरला होता, आणि ही बाई तेच काम पुन्हा त्यांच्या हातात देत होती. 'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण उत्तर द्यायचं होतं भाऊजींना.

त्यांनी काढून ठेवलेल्या बुटांकडे बघितलं. "येईन," ते म्हणाले.

"एवढ्याने नाही भागायचं. दर आठवड्याला येत जा. असाच, बुटांशिवाय. चपला घालून ये, चहा पी, गप्पा मार. म्हणजे तू ज्या दिवशी तसला निरोप घेऊन येशील, त्या दिवशीही दार उघडेपर्यंत मला कळणार नाही. मी हसूनच उघडेन."

रांगेचा व्यवहार झाला. पाटीवर माझ्या नावाखाली भाऊजींचं नाव आलं, माझ्यापेक्षा जरा ठळकच, रंगाऱ्याला त्यांनी काही चारलं असावं. रांगेच्या तोंडाशी फायबरची तोफ उभी आहे आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढतात. आजींना वरच्या मजल्यावरचं, मागच्या बाजूचं घर मिळालं. खिडकीतून नुसती झाडं दिसतात. भाऊजी दर आठवड्याला जातात. एकदा मीही गेले होते. दारासमोर आल्यावर त्यांनी खांदे सैल सोडले, एक हात खिशात घातला, आणि मग बेल वाजवली. आजींनी हसून दार उघडलं. असं हसून दार मला माझ्या धंद्यात कोणी कधी उघडलेलं नाही.

ताईला मी सगळं सांगितलं होतं, पत्त्यासकट. ती कप हातात धरून ऐकत राहिली. मग उठली आणि बाजारातून भाऊजींसाठी चांगल्या चामडी चपला घेऊन आली. मला वाटलं तिला आनंद झाला, आणि झाला होताही. पण त्यानंतरच्या खेपेला गेले तेव्हा बैठकीच्या खोलीतली तिची खुर्ची खिडकीपाशी ओढलेली होती. पूर्वी ती तिथे कधी बसत नसे. बसल्या बसल्या तिथून फाटक दिसतं. नातवाचं काही आलंच तर ते आता याच फाटकातून येणार.

आता मी ताईकडे जाते तेव्हा तो निळा कोट घालत नाही. आणि फाटकाला हात लावायच्या आधी रस्त्यावरूनच मोठ्याने हाक मारते, "ताई, मी आहे गं. मीच."